क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ चा बँड येत नाही: दोष अँटीबॉडीचाच का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही समजेल. हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) तुम्ही एका वनस्पतीचा अर्क ४८ तास देता. एमटीटीचं (जिवंत पेशींचा रंगावरून अंदाज देणारी चाचणी) रीडिंग निम्म्यावर येतं. पेशी मरताहेत म्हणजे अपॉप्टोसिस, पेशीचं ठरवून आलेलं मरण, असणार असं धरून तुम्ही वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे प्रोटीनं जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून मेंब्रेनवर उतरवली आणि अँटीबॉडीने शोधली. कॅस्पेज-३ हे अपॉप्टोसिसमध्ये पेशीतली प्रोटीनं कापणारं एन्झाइम. त्याची साधी अँटीबॉडी ३५ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक) छान बँड देते. क्लीव्ह्ड, म्हणजे कापलेल्या, कॅस्पेज-३ ची अँटीबॉडी लावली की मात्र १७ ला काहीच नाही, उलट ५० च्या आसपास एक जाड पट्टा. तीनदा केलंत, तिन्ही वेळा तेच. लॅबमधले म्हणतात अँटीबॉडी 'गेली', सर म्हणतात दुसऱ्या कंपनीची मागवा. मागवावी का?

माझं उत्तर: आत्ता नको. पंधरा-सोळा वर्षं मी ब्लॉट करतेय आणि आता विद्यार्थ्यांकडून करवून घेतेय. ही तक्रार घेऊन आलेल्यांपैकी अँटीबॉडी खरोखर मेलेली निघाली असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या तीन गोष्टींवर माझी नजर अडकली: जेल १० टक्क्यांचं, मेंब्रेन ०.४५ मायक्रॉनचं, आणि 'मीडियम काढून टाकून पेशी स्क्रेपरने खरवडल्या'. या तिन्ही गोष्टी १७ किलोडाल्टनच्या बँडच्या मुळावर उठणाऱ्या आहेत.

खरं तर तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. पेशीत कॅस्पेज-३ कापलं गेलं का? गेलं असेल, तर तो तुकडा तुमच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून केलेल्या द्रावणात) आला का? आणि आला असेल, तर मेंब्रेनवर टिकला का? अँटीबॉडीचा नंबर या तिघांच्या मागे लागतो.

ही अँटीबॉडी नेमकं काय बघते ते आधी डोक्यात पक्कं बसवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणसाच्या पेशीत कॅस्पेज-३ एरवी निष्क्रिय असतं. २७७ अमिनो आम्लांची एक सलग साखळी, जेलवर ३२ ते ३५ किलोडाल्टनला धावणारी. मरणाचा निरोप आला की कॅस्पेज-८ किंवा कॅस्पेज-९ ही साखळी १७५ व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या पुढे कापतं. एक मोठा तुकडा होतो, एक छोटा. मोठ्या तुकड्याच्या सुरुवातीचा २८ अमिनो आम्लांचा शेंडा त्यानंतर छाटला जातो. म्हणून मोठा तुकडा आधी १९ च्या आसपास आणि मग १७ ला दिसतो, बऱ्याचदा दोन्ही बँड एकाखाली एक. छोटा १२ ला धावतो. दोन मोठे आणि दोन छोटे एकत्र बसले की काम करणारं एन्झाइम तयार.

तुमची अँटीबॉडी ओळखते ते १७५ व्या जागी कापल्यावर उघडं पडणारं टोक. दोरी सलग असताना तिच्या मधोमध टोक नसतंच, कापल्यावरच ते तयार होतं. म्हणून ३५ ला बँड न देणं हा या अँटीबॉडीचा दोष नसून तिचा गुण आहे. यातून एक गोष्ट निघते जी अनेकांच्या लक्षात येत नाही. काप झालाच नसेल तर कोरं मेंब्रेन हे अगदी बरोबर उत्तर आहे. 'अँटीबॉडी बंद पडली' आणि 'अँटीबॉडी नाही म्हणाली' या दोन्हींचा फोटो सारखाच दिसतो. तुमच्या तिन्ही ब्लॉटमध्ये यातलं कोणतं घडलंय हे सांगणारी एकही लेन (जेलवरचा एका नमुन्याचा रकाना) नाही. पॉझिटिव्ह कंट्रोलच, म्हणजे जिथे बँड यायलाच हवा असा नमुनाच, नाही! त्यावर येतेच.

साध्या अँटीबॉडीच्या बँडबद्दलही एक. ३५ चा बँड 'कमी झालेला दिसत नाही' म्हणून काप झाला नाही असं समजू नका. दर शंभरातले पाच-दहा रेणू कापले गेले तर ३५ च्या पट्ट्यात डोळ्याला फरक कळणार नाही, पण १७ ला स्वच्छ बँड यायला तेवढं पुरतं.

आता पेशी गोळा करण्याबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण यात माझे स्वतःचे तीन महिने गेलेत. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझी रीत तुमच्यासारखीच होती. प्लेट तिरकी धरायची, व्हॅक्यूमची नळी लावायची, मीडियम ओढून घ्यायचं, पीबीएसने (खारट बफरने) विसळायचं, खरवडायचं. हात इतका सफाईदार झाला होता की सीनियर कौतुक करायचे. आणि १७ ला दर वेळी शून्य. एके दिवशी औषध दिलेल्या प्लेटकडे मायक्रोस्कोपखाली सहज बघितलं. तळाला चिकटलेल्या पेशी चांगल्या पसरलेल्या, सुखवस्तू दिसत होत्या आणि वर मीडियममध्ये गोल गोल, चुरमडलेल्या पेशींचे थवे तरंगत होते. माझे निकाल तीन महिने व्हॅक्यूमच्या बाटलीत ब्लीच पीत पडले होते.

अपॉप्टोसिस हा शब्द १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी आणला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडावरून पानं-पाकळ्या गळणं. हेलासारख्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी मरताना अक्षरशः हेच करतात: आक्रसतात, गोल होतात, सुटतात. मोजायची पानगळ आणि अंगणातला पाचोळा आधीच झाडून टाकायचा, असं आपण करत असतो.

तेव्हा मीडियम फेकू नका. ते १५ मिलीच्या ट्यूबमध्ये घ्या. प्लेट पीबीएसने हलकेच विसळा आणि ते पाणीही त्याच ट्यूबमध्ये ओता. चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवा किंवा खरवडा, त्याही तिथेच. ५०० जीला ५ मिनिटं, ४ अंशांवर स्पिन करा. मग गार पीबीएसने पेलेट दोनदा धुवा. हे धुणं टाळू नका. मीडियममधल्या सीरमचं अल्ब्युमिन पेलेटसोबत आलं तर बीसीएमध्ये (प्रोटीन मोजायच्या चाचणीत) प्रोटीन फुगून दिसतं, आणि तुम्ही ४० मायक्रोग्रॅम घातलं असं मानता तेव्हा लेनमध्ये पेशींचं प्रोटीन त्याहून बरंच कमी असतं. जरकट पेशी (रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या टी-पेशी) मीडियममध्ये तरंगत वाढतात, त्यामुळे त्यांच्यात ही भानगड नसते. जरकटवर सहज जमलेला प्रयोग हेलावर फसतो त्याचं एक कारण हेच.

दुसरी शंका वेळेची. ४८ तास हा आकडा तुमच्या एमटीटीमधून आलाय, पण एमटीटीची सोय ती कॅस्पेजची सोय असेलच असं नाही. एकटी पेशी कॅस्पेज जागं झाल्यावर आपलं मरण भराभर उरकते. मात्र सगळ्या पेशी एकाच मुहूर्तावर मरत नाहीत. शरीरात मेलेल्या पेशी गिळायला मॅक्रोफेज असतात, प्लेटमध्ये कोणी नसतं. मग त्या तशाच पडून राहतात, त्यांचं आवरण फाटतं आणि आतलं प्रोटीन मीडियममध्ये सांडतं. तुमचा अर्क जोरदार असेल आणि १२ तासांतच काम करत असेल, तर ४८ तासांनी तुम्ही तेरावं उरकल्यावर पोचलात. हळू असेल तर कदाचित ४८ तासच योग्य. हे अर्कावर, मात्रेवर, पेशी किती दाट होत्या यावर अवलंबून आहे आणि मी इथे बसून सांगू शकत नाही. ६, १२, २४ आणि ४८ तास अशा चार वेळा घेतल्याशिवाय तुम्हीही सांगू शकणार नाही.

आणि त्याहून मूलभूत शंका: पेशी मरताहेत तरी का? हेलाची संख्या साधारण २४ तासांत दुप्पट होते असं धरा. तुम्ही १ लाख पेशींपासून सुरुवात केलीत. ४८ तासांनी कंट्रोलमध्ये ४ लाख झाल्या. अर्क दिलेल्या प्लेटमध्ये वाढ मंदावून २ लाखच झाल्या. एमटीटी म्हणेल ५० टक्के, आणि एकही पेशी मेलेली नाही! एमटीटी जिवंत पेशींची रंग बदलायची क्षमता मोजतं, मेलेल्यांची गणती करत नाही. वनस्पतींच्या अर्कात आणखी एक मेख असते. त्यातली पॉलिफेनॉलं पेशींच्या मदतीशिवायही एमटीटीचा रंग जांभळा करू शकतात. म्हणून बिनपेशींची, फक्त अर्क घातलेली विहीर प्लेटमध्ये हवीच. ब्लॉटच्या आधी ट्रिपॅन ब्लूने (आवरण फाटलेल्या, मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) मोजदाद करा. दहा मिनिटांचं काम आहे. निळ्या पेशी फारशा नसतील आणि चुरमडलेल्या, तरंगत्या पेशीही दिसत नसतील तर १७ चा बँड शोधण्यातही फारसा अर्थ नाही.

जेल आणि ट्रान्स्फरबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे वाद नाही. १० टक्क्यांच्या जेलवर १७ किलोडाल्टन डाय फ्रंटला (सगळ्यात पुढे धावणाऱ्या रंगाच्या रेषेला) जवळजवळ चिकटून धावतं. जरा चहाला गेलात, डाय बाहेर पडला, की तुमचा तुकडाही त्याच्या मागोमाग बफरमध्ये. १५ टक्क्यांचं जेल घ्या, किंवा परवडत असेल तर ४ ते २० टक्क्यांचं ग्रेडियंट, आणि डाय जेलमध्ये असतानाच थांबा. मेंब्रेन ०.२ मायक्रॉनचं, पीव्हीडीएफ असो की नायट्रोसेल्युलोज. ०.४५ च्या छिद्रांतून छोटी प्रोटीनं आरपार निघून जातात, विशेषतः रात्रभर ट्रान्स्फर लावलं तर. बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल ठेवा, एसडीएस घालू नका, १०० व्होल्टवर तासभर पुरे. शंका असेल तर एक जुनी युक्ती: मेंब्रेनच्या मागे दुसरं मेंब्रेन ठेवा. रंगीत मार्करचे १५ आणि १० चे पट्टे मागच्यावर उमटले तर तुमचा १७ कुठे जात होता ते कळलं. आणि प्रत्येक वेळी पॉन्सो (मेंब्रेनवरचं सगळं प्रोटीन लाल दाखवणारा रंग) लावून मेंब्रेनचा खालचा भाग बघा. तिथे सगळं पांढरं असेल तर अँटीबॉडी लावायची घाईच नको.

आता पॉझिटिव्ह कंट्रोल. नवीन अँटीबॉडीला लागणारे पैसे आणि ती परदेशातून बर्फात बसून येईपर्यंतचे आठवडे, यातला थोडा भाग इथे घाला. हेलाच्याच एका प्लेटला १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (हमखास अपॉप्टोसिस घडवणारं रसायन) द्या, ४ ते ६ तास. पेशी डोळ्यांदेखत आक्रसून हात-पाय पसरल्यासारख्या दिसू लागतात. तरंगत्या पेशींसकट गोळा करा, म्हणजे झाली तुमची पॉझिटिव्ह लेन. जरकट मिळत असतील (आमच्या कितीतरी पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या रिपॉझिटरीतून येतात) तर त्यांना २५ मायक्रोमोलर एटोपोसाइड (कर्करोगावरचं औषध) ५ तास देऊन केलेलं लायसेट त्याहून भरवशाचं. एकदाच भरपूर करा, सॅम्पल बफरमध्ये उकळा, छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवा. वर्षभर प्रत्येक जेलच्या कोपऱ्यात एक लेन त्याची. माझ्या लॅबमध्ये ही लेन नसलेला ब्लॉट मी बघतच नाही. पोरं कुरकुर करतात, करू देत.

त्याच्या जोडीला एक निगेटिव्हही करा: तासभर आधी झेड-व्हॅड-एफएमके २० मायक्रोमोलर देऊन मग स्टॉरोस्पोरिन. हे रसायन कॅस्पेजांचा गळा धरतं. १७ चा बँड या लेनमध्ये विरला, तर तो बँड खरा. साध्या डीएमएसओची (औषधं ज्यात विरघळवतो त्या द्रावकाची) लेनही विसरू नका.

आता तुमचा ५० चा पट्टा. क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ शी त्याचा संबंध नाही एवढं नक्की, कारण सलग साखळीच ३५ ची आहे. तो औषध न दिलेल्या लेनमध्येही तितकाच जाड असेल, असा माझा अंदाज. एक मेंब्रेन फक्त सेकंडरी अँटीबॉडी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला चिकटून सिग्नल देणारी) लावून बघा. पट्टा तरीही आला तर तो सेकंडरीचा उपद्व्याप आहे. न धुतलेल्या पेलेटमधून आलेल्या सीरममधल्या गाईच्या इम्युनोग्लोब्युलिनची जड साखळी ५० लाच धावते, आणि काही सेकंडरी तिला चिकटतात. पट्टा गेला तर प्रायमरी दुसऱ्या कशाला तरी सैल चिकटते आहे. मग मात्रा कमी करा, दुधाऐवजी ५ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या अल्ब्युमिनमध्ये) प्रायमरी लावा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, ०.१ टक्का ट्वीनवाल्या टीबीएसने नीट धुवा. एक मात्र ध्यानात असू द्या: १७ ला काही दिसत नाही म्हणून एक्स्पोजर वाढवत नेलं की असे ऐरेगैरे पट्टे आपोआप जाड होतात. ५० चा पट्टा भडक दिसणं हा बहुधा १७ च्या गैरहजेरीचाच परिणाम आहे.

लोडिंग कंट्रोल म्हणून (प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रोटीन गेलं का हे बघायला) जीएपीडीएच वापरत असाल तर तेही बदला. ते ३७ ला येतं आणि तुमच्या ३५ च्या बँडला खेटतं. त्याच मेंब्रेनवर एकानंतर एक लावलं तर कोणता सिग्नल कोणाचा हे कळत नाही.

हे सगळं झालं, स्टॉरोस्पोरिनची लेन आहे, ट्रान्स्फर चोख आहे, आणि त्या लेनमध्येही १७ कोरा? मग मात्र अँटीबॉडीकडे बोट दाखवायला मी तयार आहे. तरी आधी सेकंडरी तपासा. अंधारात ईसीएलच्या (सेकंडरीमुळे चमकणाऱ्या द्रावणाच्या) एका थेंबात पातळ केलेल्या सेकंडरीचा टिपूस घाला. चमकलं नाही तर एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं, चमक आणणारं एन्झाइम) गेलंय, बिचाऱ्या प्रायमरीचा दोष नाही. बफरमध्ये सोडियम अ‍ॅझाइड कोणी घातलं होतं का तेही विचारा, ते एचआरपीला मारतं. मग प्रायमरीचा इतिहास काढा. बऱ्याच कुप्यांमध्ये ५० टक्के ग्लिसरॉल असतं, त्यामुळे उणे २० ला त्या गोठत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात. पण ती घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठेवली असेल, जो बर्फ वितळवायला अधूनमधून स्वतःला गरम करतो, किंवा मे महिन्यात दोन दिवस वीज गेली तेव्हा कोणी तिची विचारपूस केली नसेल, तर शंका रास्त आहे. पातळ केलेली अँटीबॉडी आठ-दहा वेळा पुन्हा वापरली असेल तरीही. नवीन घ्यायचीच वेळ आली तर रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल घ्या. पॉलिक्लोनलमध्ये दर लॉटला स्वभाव बदलतो, आणि दोन वर्षांनी स्वतःचाच जुना निकाल पुन्हा मिळवताना घाम फुटतो.

उरली एक शक्यता, आणि माझ्या मते तीच सगळ्यात रंजक आहे. कंट्रोल लेन झळाळते, ट्रिपॅन ब्लूमध्ये पेशी खरोखर मेलेल्या आहेत, चारही वेळा तपासल्या, आणि तुमच्या अर्काच्या लेनमध्ये १७ कोराच. तेव्हा अँटीबॉडी तुम्हाला काहीतरी सांगते आहे. पेशी मरायच्या वाटा पुष्कळ आहेत. नेक्रॉप्टोसिस आरआयपीके-३ आणि एमएलकेएलवरून जातो, फेरॉप्टोसिसमध्ये लोहामुळे पेशीच्या पटलातली चरबी खराब होते, आणि या दोन्हींत कॅस्पेज-३ ची गरज पडत नाही. झेड-व्हॅड देऊनही तुमच्या पेशी तितक्याच मरतात का ते बघा. मरत असतील तर 'अपॉप्टोसिस' हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकातून काढावा लागेल. सर नाराज होतील, पण परीक्षकाने काढायला लावण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या पेशी हेला आहेत म्हणून एक सापळा टळला. एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी) असत्या तर हा सगळा खटाटोप व्यर्थ होता. त्या पेशींच्या कॅस्पेज-३ च्या जनुकात ४७ बेसचा तुकडा गायब आहे आणि हे प्रोटीन त्यांच्यात बनतच नाही. एक विद्यार्थिनी सहा महिने एमसीएफ-७ मध्ये १७ चा बँड शोधत होती, आणि तिच्या हाताखाली सगळं उत्तम चाललं होतं.

कॅस्पेज कापलं गेलं म्हणजे ते कामाला लागलंच असंही नाही. एक्सआयएपी नावाचं प्रोटीन त्याला धरून ठेवू शकतं, आणि तेव्हा १९ चा बँड साचतो, १७ कमी येतो. काम झालं का हे बघायला पार्पची (कॅस्पेज-३ कापतं त्या एका प्रोटीनची) अँटीबॉडी लावा. ११६ चं पार्प कापलं की ८९ चा तुकडा येतो, आणि तो तुमच्या सध्याच्या १० टक्क्यांच्या जेलवर, ०.४५ च्या मेंब्रेनवरही आरामात दिसतो. फक्त कॅस्पेज-७ देखील पार्प कापतं, त्यामुळे ८९ दिसला म्हणून कॅस्पेज-३ सिद्ध झालं असं लिहू नका.

तेव्हा या आठवड्यात नवीन ऑर्डर न देता एवढंच करा. जुन्या लायसेटांपैकी काही उरलं असेल तर आजच पार्प लावून बघा. मग हेलाच्या चार प्लेट: डीएमएसओ, अर्क २४ तास, स्टॉरोस्पोरिन ५ तास, झेड-व्हॅडसोबत स्टॉरोस्पोरिन. औषधं अशा वेळी घाला की चारही प्लेट एकाच वेळी उचलता येतील. उचलण्याआधी प्रत्येकीचा मायक्रोस्कोपखाली फोटो काढा, आणि व्हॅक्यूमची नळी त्या दिवशी भिंतीलाच टांगून ठेवा. १५ टक्क्यांचं जेल, ०.२ चं मेंब्रेन, अखंड, तुकडे न केलेलं. निकाल काहीही आला तरी चारही लेनचा फोटो पॉन्सोसकट दाखवा, मग स्टॉरोस्पोरिनच्या लेनवरून पुढचं बोलू.